उसनी सायकल, स्वतःचा पगार : ब्रिटनमधील एका करसवलतीचा इतिहास

१/
ब्रिटनमधील एखाद्या कार्यालयात नोकरी करणारी व्यक्ती दुकानात जाते, स्वतःच्या उंचीला साजेशी सायकल निवडते, सोबत दिवे, कुलूप आणि हेल्मेट घेते आणि त्याच सायकलीवरून घरी परतते. पैसे तिच्याच पगारातून दरमहा वळते होणार असतात. तरीही तिने सही केलेल्या करारात लिहिलेले असते की ही सायकल तिची नाही, आणि पुढे ती तिची होईल असे आश्वासनही तिला दिलेले नाही. स्वतःच्या पगारातून घेतलेल्या वस्तूला भाड्याची का म्हणावे लागते? याचे उत्तर १९९९ सालच्या एका कायद्यात आणि त्यानंतरच्या पाव शतकाच्या ओढाताणीत आहे.

२/
ही कथा सायकलीच्या वैभवकाळापासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये सायकल हे कामगाराचे वाहन होते. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. १९५२ साली ब्रिटिश लोकांनी वर्षभरात सायकलीवरून सुमारे २३ अब्ज किलोमीटर अंतर कापले. नॉटिंगहॅममध्ये फ्रँक बोडेन यांनी वाढवलेली रॅले ही कंपनी या जगाचे प्रतीक होती. तिचे नाव भारतातही घरोघरी पोहोचले होते, कारण स्वातंत्र्यानंतर आसनसोलच्या कारखान्यातून सेन-रॅलेच्या सायकली बाहेर पडू लागल्या होत्या.

३/
पुढच्या वीस वर्षांत चित्र पालटले. मोटारी स्वस्त झाल्या, उपनगरे लांबली, रस्ते रुंद झाले. १९७३ पर्यंत सायकलीवरचा वार्षिक प्रवास चार अब्ज किलोमीटरच्याही खाली उतरला. जे वाहन एकेकाळी कष्टकऱ्याच्या स्वावलंबनाची खूण होते, ते ज्याला मोटार परवडत नाही त्याचे वाहन मानले जाऊ लागले. या घसरणीमागे रस्ते आणि पेट्रोल होतेच. पण करव्यवस्थाही त्यात सामील होती, याची जाणीव मात्र बरीच उशिरा झाली.

४/
१९७० च्या दशकात महागाई रोखण्यासाठी ब्रिटिश सरकारने पगारवाढीवर बंधने घातली. रोख पगार वाढवता येत नाही, म्हणून कंपन्या अधिकाऱ्यांना मोटारी देऊ लागल्या. अशा मोटारीवरचा कर तिच्या खऱ्या मूल्याच्या मानाने दीर्घकाळ हलका राहिला. १९९४ साली हा कर मोटारीच्या छापील किमतीशी जोडण्यात आला, पण त्यातही एक विचित्र तरतूद होती. कंपनीच्या कामासाठी वर्षात २,५०० मैलांहून अधिक धावलेल्या मोटारीला करात सूट होती आणि १८,००० मैलांचा टप्पा गाठणाऱ्या मोटारीला त्याहून मोठी सूट होती. अधिक धूर सोडणाऱ्यास कमी कर, असा तो हिशेब होता.

५/
सायकलीचे काय? एखाद्या कंपनीने कर्मचाऱ्याला वापरायला सायकल दिलीच, तर ती रोख रकमेऐवजी दिलेला लाभ ठरे. नोकरीवर ठेवणाऱ्याने वस्तू स्वतःच्या मालकीची ठेवून कर्मचाऱ्यास वापरायला दिली, तर दरवर्षी तिच्या किमतीच्या २० टक्के रक्कम कर्मचाऱ्याचे उत्पन्न धरायची, हा सर्वसाधारण नियम होता. म्हणजे पायाने चालवायच्या दोन चाकांवरही वर्षानुवर्षे प्राप्तिकर लागणार. हा नियम सायकलीच्या विरोधात कोणी मुद्दाम केलेला नव्हता. सायकलीचा विचारच कोणाच्या मनात आला नव्हता, इतकेच.

६/
तो विचार १९९० च्या दशकात आला. जॉन मेजर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने जुलै १९९६ मध्ये राष्ट्रीय सायकल धोरण जाहीर केले. सायकलीवरच्या फेऱ्या २००२ पर्यंत दुप्पट आणि २०१२ पर्यंत चौपट करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. पुढच्याच वर्षी सत्तांतर झाले. मजूर पक्षाचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्याकडे वाहतूक आणि पर्यावरण ही दोन्ही खाती होती. त्यांनी जुलै १९९८ मध्ये वाहतुकीविषयीची श्वेतपत्रिका मांडली. मोटारीवरचे अवलंबित्व कमी करायचे, तर लोकांच्या घर ते कचेरी या रोजच्या प्रवासाला हात घातला पाहिजे, हा तिचा एक प्रमुख सूर होता.

७/
अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या १९९९ च्या अर्थसंकल्पातून या सुराला कायद्याचे रूप मिळाले. कर्मचाऱ्यांसाठी चालवलेल्या बसगाड्या, कामाच्या ठिकाणचा सायकलतळ आणि वापरायला दिलेल्या सायकली यांना करातून सूट मिळाली. ही तरतूद पुढे २००३ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम २४४ म्हणून समाविष्ट झाली. कलम अगदी छोटे आहे. त्याच्या अटी तीनच. सायकल वापरायला द्यावी, पण तिची मालकी कर्मचाऱ्याकडे जाऊ नये. तिचा मुख्य उपयोग घर ते कामाची जागा, किंवा कामाच्या एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यासाठी व्हावा. आणि ही सोय फक्त वरिष्ठांना नव्हे, सर्व कर्मचाऱ्यांना खुली असावी.

८/
कलमाच्या शब्दांतून उभे राहणारे चित्र साधे आहे. कंपनी स्वतःच्या पैशाने काही सायकली घेते, तळावर उभ्या करते, आणि कर्मचारी त्या उसन्या नेतात. सायकल कंपनीची, म्हणून मालकी बदलण्याचा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात मात्र ही योजना अशा उसन्या सायकलींवर वाढली नाही. ती वाढली ती स्वतःची सायकल हवी असलेल्या माणसांमुळे. शब्द एका व्यवहाराचे आणि व्यवहार दुसराच, ही फट पहिल्या दिवसापासून राहिली. पुढचा सारा इतिहास या फटीचा आहे.

९/
कायद्याने सायकलीची व्याख्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यातून घेतली. त्यानुसार दोन चाकांची, तीन चाकांची, किंवा चार व अधिक चाकांचीही सायकल असू शकते; फक्त ती मोटारवाहन नसावी. ठरावीक शक्ती आणि वेगाच्या मर्यादेत राहणारी, पेडल मारताना विजेचे साहाय्य देणारी सायकल ब्रिटिश कायद्यात मोटारवाहन मानली जात नाही. त्यामुळे १९९९ च्या कलमात एक अक्षरही न बदलता वीस वर्षांनंतरच्या विजेच्या सायकली त्यात सहज बसल्या. सुरक्षेची साधने म्हणजे काय, हे मात्र कायद्याने सांगितलेच नाही. हेल्मेट, दिवे, घंटी, कुलूप, चिखलपट्टी यांची यादी पुढे सरकारी मार्गदर्शिकेने दिली.

१०/
त्या काळातील उत्साहाची साक्ष देणारी आणखी एक तरतूद होती. सायकलीने कामावर येण्याचे खास दिवस कार्यालयांनी पाळावेत आणि त्या दिवशी येणाऱ्यांना फुकट न्याहारी द्यावी, यासाठी त्या न्याहारीलाही करमाफी मिळाली. घामाघूम होऊन आलेल्या माणसापुढच्या चहा-टोस्टवर कर लावू नये, असे कायद्याने गांभीर्याने म्हटले. करप्रणाली सुटसुटीत करण्याच्या मोहिमेत २०१३ साली ही सूट रद्द झाली. न्याहारी गेली, सायकल राहिली. ती का राहिली, हे कळायला पगाराच्या चिठ्ठीकडे वळावे लागते.

११/
सॅलरी सॅक्रिफाइस म्हणजे पगारत्याग ही ब्रिटनमधील रुळलेली पद्धत. कर्मचारी आपल्या ढोबळ पगाराचा काही भाग करारपूर्वक सोडतो आणि त्याबदल्यात वस्तू किंवा सेवा घेतो. सोडलेला पगार हा मिळालेलाच नाही, म्हणून त्यावर प्राप्तिकर नाही आणि नॅशनल इन्शुरन्सची वर्गणीही नाही. एरवी बदल्यात मिळालेल्या वस्तूवर कर लागला असता. पण वस्तू सायकल असेल, तर तिला १९९९ ची माफी आहे. दोन वेगवेगळ्या तरतुदी अशा एकत्र आल्या आणि पगारातून, कर कापला जाण्याआधीच, सायकल घेण्याची वाट उघडली.

१२/
२०१० सालचे दर धरून हिशेब पाहता येतो. सायकल १,००० पौंडांची, भाड्याची मुदत बारा महिने, म्हणजे महिन्याला सुमारे ८३ पौंड. मूळ दराने २० टक्के प्राप्तिकर आणि ११ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरणाऱ्याचे ३१० पौंड वाचत. त्याच्या हाती येणाऱ्या पगारात ६९० पौंडांचीच घट होई. ४० टक्के कर भरणाऱ्या वरिष्ठाचे ४१० पौंड वाचत. कंपनीलाही त्या रकमेवरची स्वतःची १२.८ टक्के वर्गणी भरावी लागत नसे. आकडे जमले, आणि योजना पसरली.

१३/
पण प्रत्येक कंपनीने सायकली खरेदी करायच्या, करार लिहायचे, हिशेब ठेवायचे, हे कोण करणार? ही पोकळी मध्यस्थांनी भरली. बाथ शहरातील सायकलस्कीम आणि दुकानांची मोठी साखळी असलेली हॅलफर्ड्स यांच्यासारख्या संस्थांनी कागदपत्रांचे ओझे उचलले. कर्मचाऱ्याला प्रमाणपत्र मिळे, ते दुकानात दाखवून सायकल घेता येई. मध्यस्थाची दलाली बहुधा दुकानदाराच्या नफ्यातून जाई. योजना गावोगावच्या छोट्या दुकानांपर्यंत पोहोचली ती याच मार्गाने. आणि ग्राहक वाढले पण प्रत्येक सायकलीमागचा नफा आटला, ही दुकानदारांची तक्रारही इथूनच सुरू झाली.

१४/
याच काळात १,००० पौंड हा आकडा सर्वतोमुखी झाला. त्याहून महाग सायकल योजनेत बसत नाही, असे बहुतेकांना वाटे. करकायद्यात मात्र अशी मर्यादा कुठेच नव्हती. ती आली होती १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातून. तीन महिन्यांहून अधिक मुदतीने वस्तू भाड्याने देणाऱ्यास त्या कायद्यानुसार परवाना लागे. प्रत्येक कंपनीला स्वतंत्र परवाना काढावा लागू नये म्हणून ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या संस्थेने सर्वांसाठी एक सामूहिक परवाना दिला आणि त्याला १,००० पौंडांची मर्यादा घातली. ग्राहकाच्या संरक्षणासाठी आखलेली ही रेघ करसवलतीची सीमा समजली गेली.

१५/
खरी नाजूक गोष्ट होती ती भाड्याची मुदत संपल्यावरची. वर्षभर वापरलेली सायकल परत देण्याची इच्छा कोणालाच नसे, आणि जुन्या सायकलींचा ढीग कंपनीलाही नको असे. ती कर्मचाऱ्याकडेच राहणार, हे उघड होते. पण हे आधी लिहून देता येत नव्हते. मालकीचे आश्वासन दिले की व्यवहार भाड्याचा उरत नाही, हप्त्यावरची खरेदी ठरतो, आणि करमाफी उडते. त्यामुळे सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोणीच बोलून दाखवायची नाही, असा शिष्टाचार पडला. वर्षअखेरीस किमतीच्या पाच टक्क्यांसारखी किरकोळ रक्कम घेऊन सायकल देऊन टाकण्याची प्रथाही रूढ झाली.

१६/
अशा शिष्टाचारावर उभी असलेली सवलत किती ठिसूळ असते, याचा धडा २००६ साली मिळाला. १९९९ च्या त्याच वित्त कायद्यात घरी वापरायला दिलेल्या संगणकांनाही अशीच करमाफी होती. पगारत्यागाच्या मार्गाने तीही लोकप्रिय झाली होती. २२ मार्च २००६ च्या अर्थसंकल्पात गॉर्डन ब्राउन यांनी ती बंद करण्याची घोषणा केली आणि ६ एप्रिलपासून नव्या करारांसाठी ती संपली. अवघ्या पंधरा दिवसांत एक अख्खा व्यवसाय पायाखालची जमीन गमावून बसला. सायकलींची योजना वाचली. पण तिचे जुळे भावंड डोळ्यांदेखत गेले होते.

१७/
सायकलींची पाळी ऑगस्ट २०१० मध्ये आली. महसूल खात्याने नवे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. बाजारभावाहून कमी किमतीत सायकल दिली, तर फरक हा कर्मचाऱ्याचा करपात्र लाभ, हे तत्त्व जुनेच होते. नवे होते ते कोष्टक. ५०० पौंडांच्या आतील सायकलीचे मूल्य एका वर्षानंतर मूळ किमतीच्या १८ टक्के, आणि त्यावरील सायकलीचे २५ टक्के धरायचे. चार वर्षांनंतर हे प्रमाण अनुक्रमे ३ आणि ७ टक्क्यांवर उतरे. पाच टक्क्यांची प्रथा एका पानाच्या तक्त्याने मोडीत काढली.

१८/
मघाच्या हिशेबात हे आकडे घातले की धक्क्याचे स्वरूप कळते. १,००० पौंडांच्या सायकलीवर मूळ दराच्या करदात्याचे वाचत होते ३१० पौंड. आता वर्षअखेरीस २५० पौंड भरायचे. हाती उरले ६०. एवढ्यासाठी वर्षभराचा करार, नोकरी सुटल्यास उरलेली सगळी रक्कम एकदम भरण्याची जोखीम आणि निवडक दुकानांचे बंधन कोण पत्करणार? महसूल खात्याच्या दृष्टीने पाहिले तर तक्ता अन्यायाचा नव्हता. वर्षभर वापरलेली सायकल पाच टक्क्यांत बाजारात कुठेच मिळत नाही. पण योजना उभी होती ती नेमकी त्या पाच टक्क्यांवर.

१९/
मध्यस्थांनी उत्तर शोधले ते कोष्टकातच. सायकल चार वर्षांची झाल्यावर तिचे मूल्य ७ टक्के उरते ना? मग मालकीची घाई कशाला? पहिले वर्ष संपले की कंपनीकडून सायकल मध्यस्थाकडे जाऊ लागली. कर्मचारी ३ किंवा ७ टक्के अनामत ठेवी आणि पुढची तीन वर्षे भाडे न देता सायकल वापरी. मुदत संपताना त्याने सायकल परत करून अनामत घ्यावी, किंवा अनामत सोडून सायकल ठेवावी. १,००० पौंडांची सायकल पुन्हा ७६० पौंडांत पडू लागली. सायकलीच्या मडगार्डला गंज चढेपर्यंत ती कागदावर दुसऱ्याची राहिली, एवढाच फरक.

२०/
पाठोपाठ आणखी एक आघात झाला. अ‍ॅस्ट्राझेनेका या औषधकंपनीने कर्मचाऱ्यांना पगाराऐवजी दिलेल्या खरेदी-व्हाउचरांवरून युरोपीय न्यायालयात खटला चालला होता. जुलै २०१० च्या निकालाने ठरले की पगार सोडून घेतलेली वस्तू ही मोबदला देऊन घेतलेली वस्तू असते, म्हणून तिच्यावर मूल्यवर्धित कर लागतो. सायकलीशी या खटल्याचा काही संबंध नव्हता. तरी तत्त्व तेच असल्याने १ जानेवारी २०१२ पासून सायकलींनाही ते लागू झाले, आणि काही कंपन्या कर्मचाऱ्यांना देत असलेली व्हॅटची बचत संपली.

२१/
२०१६ च्या शरद ऋतूत अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी पगारत्यागाच्या मुळावरच घाव घातला. एकाच पगारावर एकाने कर भरावा आणि दुसऱ्याने वस्तू घेऊन तो टाळावा, हे न्याय्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. एप्रिल २०१७ पासून बहुतेक वस्तू आणि सेवांवरची ही सवलत गेली. मोजके अपवाद राहिले : निवृत्तिवेतन, बालसंगोपन, अतिशय कमी प्रदूषण करणाऱ्या मोटारी आणि सायकल. अठरा वर्षांपूर्वी अर्थसंकल्पाच्या एका कोपऱ्यात आलेली तरतूद आता सरकारने जाणीवपूर्वक राखलेल्या चार-दोन गोष्टींत गणली गेली.

२२/
मग २०१९ साली गाठ सुटली ती १,००० पौंडांची. ग्राहक कर्जाची देखरेख २०१४ पासून वित्तीय आचरण प्राधिकरणाकडे आली होती. वाहतूक खात्याने जून २०१९ मध्ये स्पष्ट केले की प्राधिकरणाची मान्यता असलेल्या मध्यस्थामार्फत त्याहून महाग सायकलीही देता येतील. विजेच्या आणि माल वाहणाऱ्या सायकली योजनेत आल्या. चढावाला घाबरणारे, गुडघे दुखणारे, मुलांना शाळेत सोडून कामावर जाणारे, अशांना हा निर्णय मोलाचा होता. पण महाग सायकल म्हणजे मोठी करसवलत, आणि ती घेण्याची ऐपत असलेल्यांनाच, ही टीकाही इथून धारदार झाली.

२३/
कोविडच्या साथीने कलमाच्या दुसऱ्या अटीची परीक्षा घेतली. कचेऱ्याच बंद पडल्यावर सायकलीचा मुख्य उपयोग कचेरीला जाण्यासाठी कसा होणार? अट मोडली म्हणून हजारो घरांत उभ्या असलेल्या सायकलींवर कर लावणे हास्यास्पद ठरले असते. सरकारने २० डिसेंबर २०२० पर्यंत सायकल मिळालेल्यांना ही अट एप्रिल २०२२ पर्यंत माफ केली. एरवीही कोण किती मैल कुठे गेला याची नोंदवही ठेवण्याची अपेक्षा महसूल खात्याने कधी ठेवली नव्हती. ही अट बव्हंशी विश्वासावरच चालत आली आहे.

२४/
या साऱ्या डागडुजीत एक भेग मात्र बुजली नाही, आणि तीच सर्वांत खोल आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय किमान वेतन लागू झाले १ एप्रिल १९९९ रोजी. प्रौढांसाठी तासाला ३ पौंड ६० पेन्स. कामगाराच्या हाती येणारा रोख पगार या रेषेखाली जाऊ नये, हा त्याचा कणा. आता पगारत्याग म्हणजे रोख पगार कमी करणे. त्यामुळे जो किमान वेतनावर राबतो, त्याला पगाराचा भाग सोडताच येत नाही, आणि म्हणून सायकलही मिळत नाही. एकाच वर्षी, एकाच सरकारने केलेले दोन चांगले कायदे. एक दुसऱ्याची वाट अडवून उभा राहिला.

२५/
परिणाम असा की जितका पगार मोठा, तितकी सूट मोठी. आणि ज्याला बसभाडे जड जाते, त्याला सूट शून्य. दुकानात माल लावणारे, वृद्धाश्रमात शुश्रूषा करणारे, पहाटे कचेऱ्या झाडणारे कितीतरी जण योजनेच्या दाराबाहेर राहिले. स्वयंरोजगार करणाऱ्यांनाही पगारच नसल्याने ती मिळत नाही. यातील उपरोध शहरांच्या रस्त्यांवर रोज दिसतो. दिवसभर सायकल चालवून लोकांच्या दारी जेवण पोहोचवणारी मंडळी बहुधा स्वयंरोजगारी गणली जातात. डिलिव्हरूच्या खटल्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही तिच्या वाहकांचे कंपनीशी नाते नोकरीचे नाही, असाच निर्वाळा दिला. जेवण मागवणाऱ्याला सायकल सवलतीत, आणणाऱ्याला पूर्ण किमतीत.

२६/
आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या १९९९ साली ब्रिटिश सरकारने सायकलीला करमाफी दिली, त्याच वर्षी रॅलेने नॉटिंगहॅममधील सांगाड्यांचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन थांबवले आणि यंत्रांचा लिलाव केला. जुळणीचे कामही २००२ साली संपले. गिअरचे चक्र बनवणारी स्टर्मी-आर्चर तैवानी कंपनीकडे गेली. सवलतीने सायकलस्वार घडले. सायकल घडवणारा कामगार मात्र तोवर निघून गेला होता.

२७/
इतर देशांनी याच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. आयर्लंडने जानेवारी २००९ पासून योजना आणली. तिथे कंपनीने कर्मचाऱ्यासाठी नवी सायकल घेण्यालाच सूट आहे आणि १,००० युरोंची मर्यादा कायद्यातच लिहिलेली होती. २०२० मध्ये ती १,२५० आणि विजेच्या सायकलीसाठी १,५०० युरो झाली. जर्मनीने नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीच्या मोटारीला असलेली कररीत सायकलीला लागू केली आणि पुढे तिच्यावरचा बोजा टप्प्याटप्प्याने चतुर्थांशावर आणला. नेदरलँड्सने २०२० पासून कंपनीच्या सायकलीच्या किमतीचे सात टक्के वार्षिक उत्पन्न धरण्याचा सुटसुटीत नियम केला. हातचे राखून बोलण्याची गरजच ठेवली नाही.

२८/
अमेरिकेची कथा सर्वांत चमत्कारिक. ऑक्टोबर २००८ मध्ये कोसळणाऱ्या बँकांना वाचवण्यासाठी जो प्रचंड कायदा झाला, त्याच्या पोटात सायकलीने कामावर जाणाऱ्यांसाठी महिन्याला २० डॉलरची करमुक्त भरपाई होती. ओरेगनचे प्रतिनिधी अर्ल ब्लूमेनॉवर यांनी तिच्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. २०१७ च्या करकायद्याने ती २०१८ पासून स्थगित केली आणि २०२५ च्या कायद्याने कायमची रद्द केली. मोटार उभी करण्याच्या जागेसाठीची करमुक्त सवलत मात्र कर्मचाऱ्यांना मिळतच राहिली.

२९/
भारतातील वाट निराळी होती. इथे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला सायकल घेण्यासाठी अग्रिम मिळे आणि तो हप्त्यांनी पगारातून कापला जाई. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यासारख्या ठिकाणी नोकरीला लागणे आणि सायकल घेणे या लागोपाठच्या गोष्टी असत. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये हा अग्रिम बंद झाला. सायकल देखभाल भत्ताही आयोगाला नको होता. पण टपाल खात्यातील पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी सरकारने २०१७ मध्ये तो राखला आणि महिना ९० वरून १८० रुपये केला. रक्कम लहान, पण ती मिळत होती सर्वांत खालच्या पायरीवरच्या, खरोखर सायकल चालवणाऱ्या माणसाला.

३०/
या दोन वाटांतला फरक सायकलीचा नाही, दृष्टीचा आहे. अग्रिम विचारतो : या माणसाला सायकल लागते का? करसवलत विचारते : हा माणूस कर किती भरतो? ब्रिटिश योजनेने अनेकांना मोटारीतून उतरवून सायकलीवर बसवले, विजेच्या सायकलीला सामान्य घरात आणले, आणि तीन-तीन अर्थमंत्र्यांच्या कात्रीतून ती तगली. हे श्रेय तिचेच. पण करातून सूट देणारी योजना ज्याला करच थोडा त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, हे गणित कोणत्याही कोष्टकाने सुटलेले नाही.

३१/
१९५२ साली नॉटिंगहॅमच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या कामगाराकडे सवलत नव्हती. पण सायकल त्याची स्वतःची होती. आज कार्यालयातून निघणाऱ्याकडे सवलत आहे, आणि सायकल कागदावर चार वर्षे दुसऱ्याची. आणि त्याच रस्त्याने, पाठीवर जेवणाची पेटी बांधून जाणाऱ्याची सायकल पुन्हा स्वतःचीच, पूर्ण दामाने घेतलेली. पाव शतकात कायद्याची भाषा अनेकदा दुरुस्त झाली. आता दुरुस्ती उरली आहे ती या तिसऱ्या सायकलस्वारासाठी.